बिडी-सिगारेट सोडायला फुकट मदत : कुठे मिळते आणि कशी मागायची?



घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याचे पाकीट किंवा बिडीचे बंडल हातात घेऊन नीट पाहा. कर्करोगाचे ते चित्र सगळ्यांना माहीत आहे. त्या इशाऱ्यातच एक फोन नंबर छापलेला असतो : १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणे सरकारने सक्तीचे केले आहे. वस्तीत तपासणी शिबिर घेताना आम्ही ओढणाऱ्यांना विचारतो, "दादा, हा नंबर कशाचा?" कोणी म्हणते कंपनीचा, कोणी म्हणते तक्रारीचा. बहुतेकांनी तो वाचलेलाच नसतो. जे टपरीवर सुटी सिगारेट घेतात त्यांच्या हातात तर पाकीटच येत नाही. (सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला आपल्या राज्यात २०२० सालापासून बंदी आहे. तरी विक्री चालूच आहे, हे आपण रोज पाहतो.)

हा नंबर व्यसन सोडू इच्छिणाऱ्याला मदत करण्यासाठी आहे. फोनला पैसे पडत नाहीत, सल्ल्याला पैसे पडत नाहीत. एवढीच नव्हे, आणखीही फुकट मदत आपल्या आसपास आहे. आपल्या वस्तीतला माणूस मात्र तिथे पोहोचत नाही, कारण ती आहे हेच कोणी सांगितलेले नसते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर 'धूम्रपानाचे तोटे' पुन्हा सांगत बसणार नाही. ते सगळ्यांना पाठ आहेत. सोडायचे ठरवले तर कुठे जायचे, काय बोलायचे, काय मागायचे, तेवढेच सांगणार आहोत.

मन खंबीर असून का सुटत नाही?

"मनात आणलं तर आत्ता सोडीन" असे म्हणणारे दहा वर्षे तेच म्हणत असतात. घरचे म्हणतात, "त्याला इच्छाच नाही." दोघांचेही अर्धेच खरे आहे. बिडीच्या धुरातले निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही सेकंदांत पोहोचते. तिथे थोडा वेळ बरे वाटते. तासा-दोन तासांत त्याचे प्रमाण उतरते आणि मग चिडचिड, बेचैनी, डोके जड होणे सुरू होते. पुढची बिडी ओढली की ते थांबते. माणसाला वाटते, बिडीने टेन्शन गेले. खरे तर ते टेन्शन आधीच्या बिडीनेच आणलेले असते. दिवसातून वीस वेळा, वीस वर्षे हे झाले तर मेंदू त्याला जखडला जातो. याला वैद्यकात आजारच मानतात. आजारावर उपचार असतो, आणि उपचार घेण्यात कमीपणा नसतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की कोणाचीही मदत न घेता सोडण्याचे जे प्रयत्न होतात त्यातले शंभरात चारच टिकतात. सल्ला आणि औषध मिळाले तर यशाची शक्यता दुपटीहून जास्त होते. म्हणजे आजवर दोन-तीनदा सोडून पुन्हा लागली असेल तर आपल्यात खोट आहे असे समजू नका. तुम्ही ती लढाई एकट्याने लढत होता.

आपल्याला किती जखडले आहे हे पाहायला दोन प्रश्न पुरतात. दिवसाला किती ओढता? आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते? उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर पकड घट्ट आहे असे समजा. अशांनी नुसत्या निश्चयावर अवलंबून राहू नये, दवाखान्यात जावे.

पहिली मदत : फोन

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी, नंबर १८००-११-२३५६. ही सेवा २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. पुढे २०१८ मध्ये मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बेंगळुरूचे निम्हान्स आणि गुवाहाटीचे कर्करोग रुग्णालय या ठिकाणीही तिची केंद्रे झाली. त्यामुळे मराठीत बोलता येते. वेळ मंगळवार ते रविवार, सकाळी ८ ते रात्री ८. सोमवारी सुट्टी असते. रविवारी चालू असते हे कामगारांसाठी फार सोयीचे आहे.

फोन लावल्यावर आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो आणि भाषा निवडायला सांगतो. घाबरून फोन ठेवू नका. मग समुपदेशक बोलतो. तो विचारेल : काय घेता, किती घेता, किती वर्षांपासून, कधी सोडून पाहिले का, कोणता आजार आहे का, घरात कोण आहे. ही चौकशी पोलिसी नाही, उपचार ठरवण्यासाठी आहे. तुमच्याशी बोलून तो सोडायची एक तारीख ठरवतो, तल्लफ आली तर काय करायचे ते शिकवतो, आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतो. या पुढच्या फोनांना फार किंमत आहे, ते टाळू नका. अनोळखी नंबर म्हणून उचलायचा राहून जातो, म्हणून घरच्यांनाही सांगून ठेवा.

काय बोलायचे हे सुचत नसेल तर एवढेच म्हणा : "मी रोज एक बंडल बिडी ओढतो. मला सोडायची आहे. मला मराठीत सांगा." लाईन व्यस्त लागली तर दुपारी पुन्हा लावा. बिडीबरोबर तंबाखू, खर्रा, गुटखा, मशेरी असेल तर तेही सांगा. हा नंबर सर्व प्रकारच्या तंबाखूसाठी आहे.

दुसरी मदत : सरकारी दवाखाना

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून चालू आहे. त्याखाली जिल्हा पातळीवर तंबाखू नियंत्रण कक्ष असतो आणि जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीचा सल्ला देण्याची सोय असते. केस पेपर काढताना 'तंबाखूमुक्ती केंद्र' किंवा 'तंबाखू नियंत्रण कक्ष' कुठे आहे ते विचारा. खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर बीपी-शुगरच्या एनसीडी विभागात, दातांच्या विभागात किंवा मानसोपचार विभागात विचारा. तिथेही उत्तर मिळाले नाही तर वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. दोघे-तिघे मिळून गेलात तर उत्तर लवकर मिळते, हा आमचा अनुभव आहे.

पैशांचे म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. यात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये येतात. महापालिकेची रुग्णालये आणि मेडिकल कॉलेजची रुग्णालये यात येत नाहीत, तिथे केस पेपरचे थोडे पैसे पडू शकतात.

दातांच्या कॉलेजांचाही उपयोग करून घ्या. देशातल्या दंत महाविद्यालयांनी तंबाखूमुक्ती केंद्र चालवावे असे दंत परिषदेने २०१८ मध्ये ठरवून दिले आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. दात दाखवायला गेलात तरी सांगा, "मला बिडी सोडायची आहे." त्याच फेरीत तोंडाची तपासणीही होते. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यातले काही असेल तर त्याच दिवशी दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीच्या चट्ट्याला दुखणे नसते.

आशाताईला विसरू नका. घरातल्या तीस वर्षांवरच्या माणसांचा एक फॉर्म ती भरून घेते. त्यात बिडी-सिगारेट, तंबाखू घेता का असा प्रश्न असतो. पुष्कळ माणसे तिथे लाजेखातर "नाही" म्हणतात. खरे सांगा. त्या उत्तरावरूनच ती तुम्हाला तपासणीला पाठवते. "नाही" लिहिले गेले तर मदतीचा रस्ताही तिथेच बंद होतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वाचकांसाठी : तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू आणि तंबाखूविरोधी अभियान चालू आहे. त्याच्या तालुका पातळीवरच्या व्यसन उपचार क्लिनिकची चौकशी करा.

औषध कोणते, कसे घ्यायचे?

निकोटिनचे च्युइंगगम हे औषध आहे. बिडीच्या धुरात निकोटिनबरोबर डांबर, कार्बन मोनॉक्साईड आणि शेकडो घातक रसायने असतात. गममध्ये फक्त थोडे निकोटिन असते. त्यामुळे तल्लफ मरते आणि फुप्फुसात धूर जात नाही. काही आठवड्यांत गमही कमी करत बंद करायचे असते. निकोटिनची ही औषधे केंद्र सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. म्हणून सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना थेट विचारा : "निकोटिनचे गम इथे मिळते का? नसेल तर कुठल्या रुग्णालयात मिळेल, चिठ्ठी देता का?" साठा सगळीकडे असतोच असे नाही, पण कोणी मागतच नाही तेव्हा मागवलाही जात नाही. मागणी नोंदली जाणे हेही काम आहे.

गम साध्या च्युइंगगमसारखे चघळत राहिलात तर पोटात जळजळ, उचकी आणि मळमळ होते. मग माणूस म्हणतो, "औषध लागू पडलं नाही." रीत अशी आहे : दहा-पंधरा वेळा हळू चावा. तिखटसर चव आणि झिणझिण आली की चावणे थांबवा आणि ते गाल व हिरडीच्या मध्ये ठेवा. झिणझिण गेली की पुन्हा थोडे चावा, पुन्हा ठेवा. एक गम असे अर्धा तास चालते. घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा, कॉफी, थंड पेय घेऊ नका, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही. गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येते. कोणते, दिवसाला किती आणि किती आठवडे, हे डॉक्टरांनी ठरवायचे. गरोदर बाई, अठरा वर्षांखालचा मुलगा, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. आणि गम तोंडात असताना बिडी ओढायची नाही.

ब्युप्रोपिऑन नावाची गोळीही देतात. ती फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीने. ज्यांना फिट येतात त्यांनी ते आधी सांगितलेच पाहिजे, त्यांना ही गोळी चालत नाही. टीबी, दमा किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर तेही सांगा. धूर बंद झाला की शरीरात काही औषधांचे प्रमाण बदलते, म्हणून डोस पाहावा लागतो.

टीबी झालेल्या घराने हे दोनदा वाचावे

दाट वस्ती, दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, त्यात सहा माणसे. टीबीला हेच लागते. बिडी-सिगारेटमुळे टीबी होण्याचा धोका दुपटीहून अधिक वाढतो. औषधे चालू असताना ओढत राहिले तर बरे व्हायला अडथळा येतो, टीबी पुन्हा उलटण्याचा आणि मृत्यूचा धोकाही वाढतो. तरी आम्ही पाहतो, माणूस सकाळी टीबीच्या गोळ्या नेमाने घेतो आणि त्यावर चहा-बिडी घेतो.

टीबीच्या रुग्णाला तंबाखूबद्दल विचारणे आणि सोडायला मदत करणे हे सरकारच्या टीबी कार्यक्रमातच बसते. ज्या केंद्रातून गोळ्या मिळतात तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा, "मी ओढतो, मला सोडायला मदत पाहिजे." त्याला फक्त एवढे कळायला हवे. टीबीच्या प्रश्नांसाठी १८००-११-६६६६ हा फुकट नंबर वेगळा आहे.

तारीख ठरल्यावर

येत्या पंधरा दिवसांतली एक तारीख ठरवा. पगाराचा दिवस, लग्नाचा दिवस टाळा. ती तारीख घरात सांगा आणि कामावरच्या एका विश्वासू माणसाला सांगा. आदल्या रात्री बंडल, लायटर, काडेपेटी खिशातून आणि फळीवरून काढून टाका. 'एक इमर्जन्सीला' म्हणून ठेवलेली बिडीच पुन्हा सुरुवात करून देते.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. चिडचिड होईल, झोप लागणार नाही, भूक वाढेल, मन उदास होईल. काहींचा खोकला सुरुवातीला वाढतो आणि कफ पडतो, काहींना बद्धकोष्ठ होते, तोंड येते. "ओढत होतो तेव्हा बरा होतो" असे वाटते. हा त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरतो. भरपूर पाणी प्या, जेवणात पालेभाजी, काकडी, गाजर ठेवा. मात्र खोकल्यातून रक्त पडले, किंवा खोकला, ताप दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर त्याला 'बिडी सोडल्याचा त्रास' समजू नका, थुंकी तपासून घ्या.

तल्लफ कायम टिकत नाही. ती लाटेसारखी येते आणि पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटे काढायची. चार गोष्टी लक्षात ठेवा : थोडे थांबा, लांब श्वास घ्या, घोट-घोट पाणी प्या, जागा किंवा काम बदला. खिशात बडीशेप, लवंग, भाजलेले चणे ठेवा. टपरीवरून जाणारा रस्ता महिनाभर बदला. चहाबरोबर बिडीची सवय असेल तर चहा बसून न पिता उभ्याने, दुसऱ्या जागी प्या.

दारू आणि बिडी जोडीने चालतात. दिवसभर न ओढलेला माणूस रात्री क्वार्टर घेतली की अर्धे बंडल संपवतो. पहिला महिना दारूपासून लांब राहिल्याशिवाय बिडी सुटणे अवघड. मात्र जो रोज भरपूर पितो त्याने दारू एकदम घरी बंद करू नये. हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असा जिवावरचा त्रास होऊ शकतो. त्याने आधी दवाखान्यात जावे. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फुकट नंबर आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांनाही फी नसते. मन फार खचले, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

शरीर मात्र लगेच कामाला लागते. वीस मिनिटांत नाडीचा वेग उतरू लागतो. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साईड कमी होऊन पूर्ववत होतो. काही आठवड्यांत जिना चढताना लागणारी धाप कमी होते. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. पन्नाशी उलटली तरी फायदा होतो. "आता सोडून काय उपयोग" हे म्हणणे चुकीचे आहे.

आणि पैसे. रोज २० रुपयांची बिडी-काडी म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये. रोज ४० रुपयांची सिगारेट म्हणजे १४,६०० रुपये. मुलीच्या कॉलेजचे पुस्तक, पास, परीक्षेची फी यात बसते. ते पैसे रोज एका डब्यात टाका. महिन्याने घरच्यांसमोर मोजा.

घरच्यांनी काय करावे, काय करू नये

टोमणे मारू नका. "बघू किती दिवस टिकतोस" हे वाक्य घरातून हद्दपार करा. पहिले आठ दिवस तो चिडेल तेव्हा मुलांना समजावून सांगा की बाबांचे औषधपाणी चालू आहे. पण चिडचिडीच्या नावाखाली हात उगारणे, शिव्या देणे सहन करू नका. निकोटिन सुटल्याने माणूस बेचैन होतो, बायकोला मारण्याची मुभा त्याने मिळत नाही.

लहान मुलाला "जा, काकाच्या टपरीवरून बंडल आण" असे पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणेही गुन्हा आहे. आणि घरात ओढणे पहिल्या दिवसापासून बंद. दहा बाय दहाच्या खोलीत खिडकी उघडून किंवा पंखा लावून धूर जात नाही, तो बाळाच्या छातीत जातो. वारंवार छाती भरणे, कान फुटणे, दमा यामागे घरातला धूर असू शकतो.

कामाचाही विचार करा

आपले पुष्कळ लोक कचरा गाडीवर, गटारावर, बांधकामावर, रात्रपाळीला आहेत. सफाईचे काम करणारे भाऊ सांगतात, "सिस्टर, बिडी पेटवल्याशिवाय त्या वासात उतरवत नाही." काही जण भूक मारायला ओढतात, काही झोप घालवायला. "बिडी वाईट" असे नुसते सांगून हे प्रश्न सुटणार नाहीत. मास्क, हातमोजे, बूट, साबण, प्यायचे पाणी, वेळेवर जेवणाची सुट्टी हे कामगाराचे हक्क आहेत आणि ते ठेकेदाराकडून मागायचे आहेत. संरक्षक साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस सफाईला उतरवणे तर २०१३ च्या कायद्यानेच बंद आहे. वासाचा उपाय म्हणून बिडी स्वस्त पडते ती ठेकेदाराला. किंमत कामगाराची फुप्फुसे देतात. आणि बंद जागेत वायू साठलेला असेल तर काडी पेटवणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण, हेही ध्यानात असू द्या.

मुकादमासह एका गँगमधल्या चार-पाच जणांनी मिळून सोडायचे ठरवले तर ते टिकते. एकटा सोडतो तेव्हा बाकीचे चिडवतात. पाच जण सोडतात तेव्हा एकमेकांना धरून ठेवतात.

एक सोडून दुसरे धरू नका

बिडी सोडून तंबाखू मळू लागणे, सिगारेट सोडून खर्रा खाणे, म्हणजे सुटका नाही. फुप्फुसावरचे ओझे तोंडावर येते एवढेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यात ओढणाऱ्यांपेक्षा तोंडात धरणारे कितीतरी जास्त होते. 'लाईट' सिगारेट किंवा फिल्टर सुरक्षित नाही. बिडी पानाची, म्हणून 'नैसर्गिक' आणि कमी वाईट, हाही गैरसमज आहे. बिडी विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, त्यामुळे विष सिगारेटइतकेच किंवा जास्त आत जाते. ई-सिगारेट विकायला देशात २०१९ पासून बंदी आहे.

मायबहिणींशी एक शब्द. मशेरी ही दातांची पावडर नाही, भाजलेली तंबाखूच आहे. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके उठते, ही तल्लफच आहे. गरोदरपणात मशेरी लावल्याने बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. दवाखान्यात ताई विचारतात "तंबाखू खाता का?" आणि आपण "नाही" म्हणतो, कारण मशेरी आपल्या हिशेबी तंबाखू नसते. पुढच्या वेळी आपणहून सांगा. वरचा फोन नंबर आणि सगळी मदत बायकांसाठीही तेवढीच आहे.

फसवणुकीपासून सावध

"न कळत चहातून द्या, सात दिवसांत व्यसन बंद" अशा पावडरींच्या जाहिराती रिक्षावर, खांबांवर असतात. त्यात काय असते ते लिहिलेले नसते. माणसाला न सांगता औषध देणे धोक्याचे आहे आणि त्याने निकोटिनची पकड सुटत नाही. अंगारा, ताईत, कानात टोचणे, 'एक इंजेक्शन पाच हजार' या वाटेला जाऊ नका. सरकारी सल्ल्याला कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

पुन्हा ओढली गेली तर

मयतीला, वरातीत, मित्राच्या आग्रहाने एखादी ओढली जाते. मग माणूस म्हणतो, "आता गेलंच सगळं" आणि बंडल घेतो. एक ओढली म्हणजे एकच ओढली. उरलेले फेकून द्या, त्याच दिवशी मदतवाहिनीला फोन करा, कशामुळे झाले ते सांगा. कायमचे सोडणाऱ्यांपैकी पुष्कळांना आधी दोन-चार प्रयत्न करावे लागलेले असतात. प्रत्येक प्रयत्नात आपली तल्लफ कुठे दबा धरून बसते ते कळते.

वस्तीत काय करता येईल? विहारात किंवा समाजमंदिरात महिन्यातून एका रविवारी सोडू इच्छिणाऱ्यांनी अर्धा तास एकत्र बसावे. आशाताईला बोलवावे. ज्याने सोडून वर्ष झाले त्याने बोलावे. मोबाईल वापरता येणाऱ्या मुलांनी वडीलधाऱ्यांना पहिला फोन लावून द्यावा आणि मग बाजूला व्हावे, त्यांना मोकळेपणी बोलू द्यावे. याला निधी लागत नाही, वर्गणी लागत नाही.

खालची चौकट कापून विहाराच्या फलकावर, नळावर, टपरीजवळच्या भिंतीवर लावा.

बिडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी सोडायची आहे?
• तंबाखूमुक्ती मदतवाहिनी : १८००-११-२३५६ (फुकट, मंगळवार ते रविवार, सकाळी ८ ते रात्री ८, मराठीत बोलता येते)
• व्यसनमुक्ती (दारू व इतर नशा) : १४४४६
• मनाचा त्रास, रात्रंदिवस : १४४१६
• टीबीची माहिती : १८००-११-६६६६
• समक्ष : जिल्हा रुग्णालयाचा तंबाखू नियंत्रण कक्ष, दंत महाविद्यालय, आपली आशाताई
• दवाखान्यात म्हणा : "मला सोडायची आहे. सल्ला आणि निकोटिनचे गम मिळेल का?"